खालच्या वस्तीतल्या शेळ्या

तीर्थरूप दाजी,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. (गुडघे वाकत नाहीत, म्हणून कागदावरच.) ताईचा खोकला उतरला असेल. देवाच्या दयेने आम्ही इकडे उभे आहोत, मंगळवारनंतरचं सांगता येत नाही.

गरिबी कशाने हटते याचा अभ्यास करणाऱ्या बाईंसाठी मी घरोघर प्रश्न विचारत फिरतो, हे तुम्ही जाणताच. (तुम्ही याला ‘नसत्या चौकश्यांचा पगार’ म्हणता, ते मी मनाला लावून घेत नाही.) दोन वर्षांपूर्वी बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या वरच्या वस्तीला घरटी दोन शेळ्या मिळाल्या, तुमच्या खालच्या वस्तीला काही नाही. दिलेल्यांची आणि न दिलेल्यांची तुलना केली, तरच शेळीने फरक पडतो का ते कळणार. विचार चोख होता. फक्त वरच्या वस्तीने आपल्या लेकी खालच्या वस्तीत दिल्या आहेत, हे चिठ्ठ्यांना माहीत नव्हतं. पहिलं वेत झालं आणि करडं उतारावरून खाली जाऊ लागली; कुणी लेकीला दिलं, कुणी भाचीला. (तुमच्या दारातली पांढऱ्या कानाची आईनेच ताईला धाडलेली.) मी घरोघर विचारलं, शेळी विकली का? सगळे शपथेवर नाही म्हणाले, आणि ते खरंच होतं. लेकीला देणं म्हणजे काही विकणं नव्हे, आणि ‘दिली का’ हा प्रश्न मला कुणी लिहून दिला नव्हता.

आता निकाल आलाय, की दोन्ही वस्त्या सारख्याच सुधारल्या. “म्हणजे शेळ्यांचा उपयोग शून्य,” बाई म्हणाल्या. येत्या शुक्रवारच्या बैठकीत त्यांनी हे मांडलं, की नदीपलीकडच्या वस्त्यांना यंदा मिळायच्या शेळ्या रद्द. आईला म्हटलं, बाईंना सांगून टाकतो. ती म्हणाली, “सांग की. शेळी कुणाला देणार नाही म्हणून अंगठा उठवलाय आम्ही. उद्या परत मागितल्या, तर बहिणीच्या दारातनं तू सोडून आणशील?” सांगावं तर आपल्या जातील, न सांगावं तर पलीकडच्यांना मिळणार नाहीत. देवापुढे जाऊन बसलो. देवही दोन्ही वस्त्यांचा, तो तरी काय बोलणार?

शेवटी मनाशी ठरवलं. मंगळवारी बाई तुमच्या वस्तीत येतील, तेव्हा मी सगळं सांगणार. तुम्हीही शेळी लपवू नका. शेळीने फरक पडला, म्हणून तर दोन्हीकडे पडला. माझी नोकरी गेली तर जाईल, पण खोटं नको.

तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. ताईला पुढे करू नका. घाबरली की शेळी आपण विकत घेतली म्हणून सांगते, आणि किंमत दर वेळी निराळी.

आणखी एक. पत्र आणणाऱ्या दूधवाल्याबरोबर काळं करडू आहे. शेजारच्या काकूंनी भाचीसाठी दिलंय. “तू मंगळवारी तोंड उघडणार, म्हणून आजच जाऊ दे,” म्हणाल्या. मला नाही म्हणवेना. बाई जाईपर्यंत तेवढं मागच्या खोलीत ठेवा. फार ओरडतं.