आपलीच मुलगी

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स

आई, तुला आणि बाबांना जय भीम.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण हीटर छान चालतो. बाबांचा खोकला थांबला का?

टाउनच्या आरोग्य खात्यातली नोकरी ठीक चाललीय. गेल्या आठवड्यात एका मराठी काकांच्या हॉटेलचं किचन तपासायला गेले. फ्रिज थंडच होत नव्हता. काका म्हणाले, "आपलीच मुलगी आहेस, ॲडजस्ट कर ना." मी नाही केलं.

रविवारी रेडिओवर नेहमीसारखं "जय भीम, नमस्कार" म्हणून मराठी कार्यक्रम सुरू केला, तर पहिलाच फोन त्याच काकांचा! "ते पहिलं गाळत जा. कार्यक्रम आपल्या सगळ्यांचा आहे."

डोकंच फिरलं माझं. फ्रिज बिघडला की मी आपली, आणि माइकसमोर बसले की परकी? घरी विवेक म्हणतो, "रेडिओचं फुकटचं काम ते, सोडून दे यार."

का सोडू? बाबा मोबाइलवर कार्यक्रम लावतात, आणि मी जय भीम म्हटलं की तू तिकडे स्वयंपाकघरातून मोठ्याने उत्तर देतेस, त्यांनीच सांगितलंय मला.

मंगळवारी तो फ्रिज पुन्हा तपासायचाय. थंड असेल तर पास करीनच. पण दारात पाय ठेवताच जय भीम म्हणणार आहे. बघू, आपल्या मुलीला काका काय उत्तर देतात.

तुझीच,
प्रणिता