पिशवीवाली बाई

शनिवार, १४ नोव्हेंबर

शेजारच्या जपानी मोरीसानच्या फिल्म क्लबात आज फ्रेंच न्यू वेव्ह. महायुद्धानंतर इटालियन लोक रस्त्यावर सिनेमे करायला लागले, त्यांचं बघून ही फ्रेंच पोरं हलके कॅमेरे घेऊन पॅरिसभर हिंडली. परवानगी नाही, वाटसरू खरेखुरे. एका सिनेमात पिशवीवाली बाई थबकते आणि सरळ कॅमेऱ्यात बघते. तिला कुणी विचारलं असेल? आता जिवंतही नसेल, तरी बघतेच आहे.

परतताना बिल्डिंगखाली वाटलं, कुणीतरी बघतंय. थबकले, वर बघितलं. सगळ्या बाल्कन्या रिकाम्या. मूर्ख आहे मी!

जेवताना लेकीने शाळेच्या प्रोजेक्टचा व्हिडिओ दाखवला, आमच्याच खिडकीतून काढलेला. पिशवी घेऊन मी थबकते, सरळ बघते. अगदी तिच्यासारखी.

"डिलीट कर."

"आई, ऑलरेडी सबमिट केलंय."