सगळ्या गावाची पाखरे एकाच खाचरात

प्रति,
मा. कृषी अधिकारी,
सुधारित बियाणे विभाग.

विषय : लवकर पिकणाऱ्या सुधारित भाताचे बियाणे अर्जदाराच्या शेजाऱ्यांनाही देणेबाबत.
संदर्भ : आपल्या कृषी सहायकांनी अर्जदाराच्या ओट्यावर बसून दिलेले तोंडी आश्वासन.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, अर्जदाराने यंदा आपल्या खात्याचे सुधारित वाण अर्ध्या एकराच्या खाचरात लावले. गावात असे करणारा तो एकटाच. बाकीच्यांनी "आधी तुमचं बघतो, मग ठरवतो," असे सांगून जुनेच भात लावले. सदर खाचर अर्जदाराच्या पत्नीस माहेरून मिळालेले असून तिने ते एकाच हंगामापुरते या प्रयोगास दिले आहे. प्रयोग फसल्यास जुने बियाणे परत येईल आणि घरात अर्जदाराच्या शब्दाला जी काही किंमत उरली आहे तीही जाईल.

२. वाणाविषयी तक्रार नाही. ते सांगितल्याप्रमाणे बरोबर वीस दिवस आधी पिकायला आले. परंतु चहूकडे हिरवे असताना हे एकच खाचर पिवळे झाल्याने पंचक्रोशीतील यच्चयावत पाखरे तेथे मुक्कामास आली. ही बाब आपल्या माहितीपत्रकात नमूद नाही.

३. बुजगावणे उभे केले. त्यास कृषी सहायक ओट्यावर विसरून गेलेली टोपी घातली. पाखरे त्या टोपीवरच बसतात.

४. शेजारी रोज बांधावर येऊन कौतुकाने पाहणी करतात, कारण यंदा त्यांच्या शेतात पाखरू फिरकलेले नाही. गेल्या आठवड्यात वरच्या खाचराच्या मास्तरांनी बैठक बोलावली. तीत एकमताने ठरले की, सुधारित वाण गावाच्या अत्यंत हिताचे असून ते दरवर्षी अर्जदारानेच लावावे. अर्जदाराचा सत्कारही झाला. तो चालू असताना शेतात राखणीला पत्नी होती.

५. ती गेले बारा दिवस गोफण घेऊन खाचरातल्या राखणीच्या माळ्यावर बसत आहे. तिचा उजवा खांदा सुजला आहे. "मी सांगितलं होतं," हे वाक्य तिने अद्याप उच्चारलेले नाही, आणि अर्जदारास त्याचीच जास्त लाज वाटते.

तरी पुढील हंगामात हे बियाणे किमान चारही बांधांवरच्या शेजाऱ्यांना, गरज पडल्यास सक्तीने, द्यावे, म्हणजे पाखरांची समान वाटणी होईल. ते शक्य नसल्यास कृषी सहायकांची वीस दिवस गोफणीसह येथे नेमणूक करावी. त्यांच्या जेवणाची सोय घरी केली जाईल.

आपल्या उत्तराची आणि उरल्या पिकाची वाट पाहणारा,
(सही)
सत्कारमूर्ती शेतकरी
दिनांक : कापणीस सहा दिवस बाकी

सोबत :
१) बैठकीच्या ठरावाची प्रत.
२) पाखरांनी रिकाम्या केलेल्या लोंब्यांची जुडी.
३) भरलेली लोंबी, एक. ही पाहून तातडीने परत करावी. पत्नीने याच खाचरातून पुढच्या वर्षीच्या पेरणीसाठी निवडून बांधून ठेवलेल्यांपैकी ती असून अर्जदाराने न विचारता घेतली आहे.