दौलतरावांच्या पिकअपचा हॉर्न

अंबरनाथ पश्चिम,
रविवार, १५ नोव्हेंबर १९५३, सकाळ

प्रिय सुहास,

बदलापुरात तुमच्या भातगिरणीमागे तू माझ्या हातात पेरू ठेवलास आणि मी ऐटीत तुमच्या पिकअपच्या दाराला टेकलो, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. कॉलेज सोडलं तेव्हासुद्धा इतकं बदललं नव्हतं. मी टेकलो आणि हॉर्न सुरू झाला. तू पळालीस ते बरं केलंस. मी मात्र दाराला आणखीच चिकटलो, कारण मला वाटलं आपण काहीतरी दाबलंय आणि सोडलं तर स्फोट होईल. भाताची पोती उचलायचा हूक हातात घेऊन तुझे वडील आले, मागून निम्मी बाजारपेठ आली, तरी मी हलेना आणि हॉर्न थांबेना. इथे काय करतोस, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, तारांतला शॉर्ट शोधतोय. हा शब्द मी हॉस्टेलचे दिवे गेले तेव्हा एकदा ऐकला होता. माझं त्या विषयातलं ज्ञान तेवढंच.

दौलतरावांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पेरूकडे पाहिलं. पेरू तुमच्याच झाडाचा होता. ते म्हणाले, "शोध मग, कॉलेजवाल्या. सापडला तर जेवायला ये, तुझं काय म्हणणं आहे ते ऐकून घेतो. नाही सापडला तर या रस्त्याला पुन्हा दिसू नकोस." म्हणजे मी तिथे का उभा होतो ते त्यांना चांगलं समजलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी सायकल काढून उल्हासनगरला निर्वासितांच्या कॅम्पात गेलो. तिथे बराकीच्या पुढे पत्रे टाकून लोकूमल मिस्त्री लढाईनंतर लिलावात निघालेल्या लष्करी गाड्या दुरुस्त करतो. तुमची पिकअपही अशाच लिलावातली, म्हणून तिच्या आतड्यांची त्याला माहिती. त्याने आधी आठवडाभर माझ्याकडून नुसत्या तारा पुसून घेतल्या. मी दोनदा भडकून पाना फेकला. दोन्ही वेळा त्याने तो उचलून आणायला लावला आणि शांतपणे म्हणाला, साईं, गुस्से से बत्ती नहीं जलती. तुला तर माहीतच आहे मी कॉलेज कसं सोडलं. प्राध्यापकांनी शेजारच्या मुलाला भर वर्गात गाढव म्हटलं म्हणून मी बाक उलथवून बाहेर पडलो. तो मुलगा जागचा हलला नाही आणि पुढे चांगल्या मार्कांनी पास झाला.

मग बदलापुरात माझं संशोधन सुरू झालं. पहिले चार दिवस मी एकेक तार ओढून बघत होतो आणि हॉर्न कधीही बोंबलत होता. शाळेच्या हेडमास्तरांनी चिठ्ठी पाठवली. तुझी आत्या पुतळाबाई जपाला बसायची आणि हॉर्न वाजला की पहिल्या मण्यापासून सुरुवात करायची. शेवटी तिने जप सोडून मलाच मोजून शिव्या दिल्या. लोकूमलला हे सांगितलं तर तो हसून हसून खाटेवरून घसरला. म्हणाला, हॉर्न काढ, त्याच्या जागी बल्ब लाव. शॉर्ट झाला की बल्ब पेटेल, गावाला कळणार नाही. एवढं त्याने आधी का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाला, तू विचारलंस कुठे?

बल्ब धरायला कोंडाजीकाका यायचे. याच हॉर्नपायी तुझ्या वडिलांनी त्यांना ड्रायव्हरकीवरून काढलं होतं, तरी रोज चिखलोलीहून चालत यायचे. दसऱ्यानंतर चारच दिवसांनी अंत्ययात्रेमागून सरपण नेताना हॉर्न सुरू झाला, खांदेकरी बाजूला व्हायचं म्हणून तिरडीसकट पळायला लागले, आणि सगळ्या गावाने ठरवलं की कोंडाजी प्यायलाय. हा माणूस चहासुद्धा घेत नाही. बायको रखमाबाईसुद्धा आता तोंड हुंगून मगच घरात घेते, असं ते मला हसत सांगायचे. नुसतं हसायचे, तक्रार करायचे नाहीत.

काल दुपारी बल्ब पेटला. डावं दार दाबलं की पेटायचा, सोडलं की विझायचा. दारापासून आत चाचपत गेलो तो थेट खंडोबाच्या फोटोपाशी. फोटो ज्या फळीवर टांगलाय ती डॅशबोर्डाच्या पत्र्यावर ठोकलेली. आंघोळ केल्याशिवाय त्या फोटोला कुणी हात लावायचा नाही हा तुमच्या घरचा नियम, म्हणून दोन आठवडे मी सगळी गाडी उसवली पण तेवढी जागा सोडली होती. कोंडाजीकाकांनी गिरणीच्या विहिरीचं पाणी शेंदून दिलं. मी डोक्यावरून दोन बादल्या घेतल्या आणि निथळत्या अंगाने देव उतरवला. मागे चार इंची खिळा. फळीतून गेलेला, हॉर्नच्या तारेतून गेलेला, आणि दार दाबलं की पत्र्याला टेकणारा.

तो खिळा दसऱ्याच्या पूजेला तुझ्या वडिलांनी स्वतः ठोकला होता. सगळ्यांदेखत. कोंडाजीकाका तेव्हा म्हणाले होते की मालक, इथे नको, मागे तारा आहेत. मालकांनी त्यांना गप्प बसवलं होतं. हे मला त्यांनी काल विहिरीपाशी सांगितलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

एवढ्यात दौलतराव आले आणि काय सापडलं म्हणाले. सुहास, मी, ज्याने एका अनोळखी मुलासाठी बाक उलथवला, तो मी म्हणालो, तार जुनी होती. ते म्हणाले, "म्हणजे कोंडाजीनंच ओरबाडली असणार." आणि मी गप्प राहिलो. काका शेजारी ओली बादली घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण त्यांना ठाऊक होतं मी कशासाठी गप्प आहे. तुझ्या वडिलांनी पाठीवर थाप मारून आज दुपारच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. काका जाता जाता मला म्हणाले, "चांगला सदरा घालून या, चंदरशेट."

मी रात्रभर त्या सदऱ्याकडे बघत होतो.

म्हणून हे पत्र. मी आता निघतोय. वाटेत चिखलोलीला काकांना सायकलच्या कॅरियरवर बसवणार, येत नाही म्हणाले तरी बसवणार. हे पत्र तुझ्या मैत्रिणीकडे, गोदूकडे देणार, म्हणजे मी तुमच्या ओट्यावर उभा राहीन तेव्हा तुझ्या हातात असेल. खिळा कुणी ठोकला ते मी तुझ्या वडिलांना सगळ्यांदेखत सांगणार आहे, कारण काकांना काढलं तेही सगळ्यांदेखतच. बहुतेक मला पान वाढलं जाणार नाही. कदाचित या रस्त्याला पुन्हा येताही येणार नाही. तुला एवढंच कळावं म्हणून लिहिलं की या वेळी मी रागाच्या भरात बोलणार नाही. राग कालच्या गप्प बसण्याचा आहे आणि तो माझा माझ्यावर आहे. यानंतरही तुला माझ्याशी बोलावंसं वाटलं तर गोदूला सांग. नाही वाटलं तरी मी समजेन. म्हणजे आधी चिडेन, मग समजेन. आई आतून विचारतेय की जेवायला जातोस तर पोटभर पोहे कशाला खाल्लेस. तिला काय सांगू? चपला घातल्यात, पत्राचं पाकीट खिशात टाकतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझाच, आज दुपारपर्यंत तरी,
चंदर