गाठीचा स्वभाव

एकलहरे, नाशिक
१२ ऑगस्ट २०२५

ती. कमळाआत्यास सा. न. वि. वि.

तुला फोनवरचं ऐकू येत नाही, हे एका अर्थी बरंच. अण्णा पॉवर स्टेशनातून निवृत्त झाल्यापासून आम्ही या दोन खोल्यांत राहतो. इथे फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, आणि आज लिहायचंय ते कुणाच्या कानी पडायला नको.

अण्णांच्या लिव्हरमधली गाठ लहान आहे म्हणून आपण निर्धास्त होतो. पण डॉक्टर म्हणाले, गाठ केवढी ते स्कॅनमध्ये दिसतं, तिचा स्वभाव दिसत नाही. ती किती जोराने पसरेल याचा अंदाज रक्तातल्या दोन प्रथिनांवरून येतो. एएफपी आणि पिव्हका अशी त्यांची नावं. अण्णांची दोन्ही खूप वाढलीत. अशात लिव्हर बदललं तर नव्या लिव्हरमध्येही कॅन्सर उलटू शकतो, म्हणून ऑपरेशन थांबवलंय. आधी मांडीतून नळी घालून गाठीत औषध सोडणार आणि आकडे उतरतात का बघणार. उतरले तर माझ्या लिव्हरचा तुकडा अण्णांना बसवायचा.

अमितदादाला शुगर निघाली, आईचं वय झालं. राहिले ती मी. माझ्या तपासण्या चांगल्या आल्या त्या दिवशी आईने पेढे वाटले. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही. मला मूल नाही, सासर नाही, आजार नाही. नाही म्हणायला माझ्याकडे कारणच नाही. नुसती भीती आहे, आणि ती आमच्या घरात कारणात धरत नाहीत.

ऑपरेशन थांबलं म्हटल्यावर आई रडली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर श्वास घेतला. आत्या, आकडे उतरू नयेत असं वाटतंय मला. त्याचा अर्थ काय होतो ते कळतं. तुझाच भाऊ आहे तो, तरी तुलाच लिहितेय.

रागावलीस तरी चालेल, परकी करू नकोस.

तुझी
सरिता


घोटी
२० ऑगस्ट

चि. सरितास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं न् चुलीत घातलं, तवा घोर करू नको. रागावले का म्हणशील तर पहिल्या दिवशी लय रागावले. भाताची लावणी उरकलीय, रिकाम्या हाताला राग बी लौकर येतो. मी असते तर दिलं असतं, असं मनात आलं. मग सोताला इचारलं, खरंच दिलं असतं का गं कमळे? मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन वर्सं नाय नाय करणारी मी. तुला काय बोलू?

दत्तू माझ्या पाठचा भाऊ. त्यानं जगावं असं मला लय वाटतं. पण तुझं पोट फाडायला तुझा होकार पाह्यजे, आईच्या पेढ्यांचा नाय. डाक्तरला एकटीनं भेट, खरं काय ते सांग. न् आकड्यांचं म्हणशील तर तुझ्या मनात आलं म्हणून ते चढत नाय का उतरत नाय. ते पाप डोक्यावर घेऊ नको.

माया हायच. येळेवर जेवत जा, म्हंजे ती अंगी लागंल.

तुझी आत्या
कमळा


एकलहरे, नाशिक
७ ऑक्टोबर २०२५

ती. कमळाआत्यास सा. न. वि. वि.

आकडे उतरले. नळीचा उपचार दोनदा झाला आणि दोन्ही प्रथिनं डॉक्टरांना हवी तेवढी खाली आली. गाठ शांत झालीय, आता ऑपरेशन करता येईल, म्हणाले. दादा सटाण्याहून धावत आला. आईने माझी बॅगसुद्धा भरली.

ऑपरेशनआधी देणाऱ्याला एकटं बसवून विचारतात. डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, मनातून नसेल तर सांग. घरी आम्ही तुझं लिव्हर देता येण्यासारखं नाही एवढंच कळवू. या सगळ्यात पहिल्यांदाच मला कुणी विचारत होतं. मला द्यायचं नाही, म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही नाहीच म्हणाले.

त्यांनी घरी तसंच कळवलं. दादा सटाण्याला परत गेला. आई देवाला बोल लावते. अण्णांचं नाव आता प्रतीक्षायादीत आहे. कुणा गेलेल्या माणसाचं लिव्हर मिळेपर्यंत थांबायचं, आणि प्रथिनं तपासत राहायची. ती पुन्हा चढली तर नाव मागे पडणार.

मला वाटलं होतं, सुटले. पण अण्णांनी धरून ठेवलंय की माझ्याच लिव्हरमध्ये काहीतरी निघालंय आणि डॉक्टर ते लपवतायत. स्वतःचं दुखणं सोडून माझ्या मागे लागलेत. ऑफिसातून यायला उशीर झाला की दारात उभे असतात. शेजारच्या मल्हारीकाकांना माझ्यादेखत म्हणाले की माझं काय, माझं जगून झालं, पोरीला माझं लागलं नसलं म्हणजे मिळवलं. आणि काल त्यांच्यासाठी आणलेली पपई कापून सगळी माझ्यापुढे ठेवली. माझा हात धरला आणि म्हणाले की माझ्यामुळे तुला हे झालं असेल तर मला माफ कर.

खरं सांगावं तर त्यांची ही काळजी जाईल, पण पोरगी नाही म्हणाली हे कळेल. म्हणून त्यांच्यासमोर बसून ती पपई खाल्ली. संपेपर्यंत ते बघत होते.

आत्या, एकदा ये. त्यांच्याशी बोलायला नको, नुसती माझ्याजवळ बस. आणि लोभ वाढव असं म्हणायला आता तोंड नाही. होता तेवढा राहू दे.

तुझी
सरिता