शिगेचा चमचा

सोम. १२ फेब्रु. ९६
लेक रंजी बाळंतपणाला आली ती छातीवरच्या गळवाच्या ऑपरेशनात अडकली. अंगावरचं दूध बंद. दोन महिन्यांच्या पोरीला पंधरा दिवस डब्याची पावडर. आज दिवसभर रडली. रडणं कोरडं. डब्यावरचा तक्ता वाचला, वयापुढं चमचे. वजनाचं काय? वासराला दूध वजनाच्या दहाव्या हिश्श्यानं, हे आमच्या अंथुर्ण्यात कुणीही सांगेल. डबा छापणाऱ्याला नाही कळत. डोकं फिरलं.

मंगळ. १३
कन्हेरीहून विहीणबाई. स्वयंपाकघरात रंजीला म्हणाल्या, "आमच्यात कुणाला डबा लागला न्हाय. तुलाच कसा लागला?" मी ओसरीवर होतो, पण कान तिकडं. मग विहीणबाई बाहेर येऊन मला हसून, "तात्या, नात लई बारीक दिसतीया. आमच्याकडं शेळी हाय. रविवारी जीप आणतो न्यायला." मीही हसलो. पेंडीच्या दुकानात बसून सवय झालीय. दात दुखले.

बुध. १४
तीन दिवस शी नाही. ओठ वाळलेत. पाजली की परत मागते. बायको म्हणते, "उपाशी हाय ओ ती." मग पाज की अजून, म्हणून तिच्यावरच खेकसलो.

गुरु. १५
ताप. बारामती गाठली. वजन चार किलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पावडर किती? बायको म्हणाली, तीस मिलीला एक चमचा. "बरोबर आहे की. करून दाखवा." बायकोनं पिशवीतून डबा काढला, चमचा भरला. वर डोंगर.
"असा?"
"व्हय. शीग लावून."
बाईंनी सुरीची पाठ फिरवून चमचा सपाट केला. अर्धा चमचा तरी पावडर खाली सांडली. म्हणाल्या, "आजी, दूध फार घट्ट होत होतं. पोरीला भूक नव्हती. तहान होती."
ठेवून घेतलं. एवढ्याशा हाताला सलाईन.
बाहेर बाकावर बायकोला नाही नाही ते बोललो. लोक बघत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग हळूच, "पैला डबा आणला तवा कोण म्हणालं, आपल्या घरात माप शिगेचं, नातीला हात आखडू नका?"
मी.

शुक्र. १६
बाकीचे दुकानदार माप सपाट करायचे तेव्हा मी पेंड शिगेनं दिली. त्यावर भवानीनगरला दुकान उभं राहिलं. तोच मोठेपणा त्या जिवाच्या पोटात घातला.
बाईंनी हिशेब दिला. किलोला दीडशे मिली, म्हणजे दिवसाचे सहाशे. आठ वेळा पंचाहत्तर. चमचे अडीच. अर्धा कसा मोजायचा, विचारलं. "मोजूच नका. नव्वदला तीन सपाट करा. पोट भरलं की ती तोंड फिरवेल. उरलं ते ओता."
दोन महिन्यांच्या पोरीला कळतं म्हणे. मला पन्नाशीत...

शनि. १७
घरी. ताप नाही. शी झाली. नव्वदातले सत्तर प्याली, तोंड फिरवलं.
पण दवाखान्याचं कन्हेरीला कळलं. त्यांचा निरोप: आईला पाजायची अक्कल न्हाय. पोरगी आमी नेतो, सून राहू द्या तिकडंच.
रंजी म्हणाली, "तात्या, मी तर त्या चमच्याला हातसुद्धा लावला नव्हता." रडलीही नाही. रडली असती तर बरं.

रवि. १८
बायको सकाळी म्हणाली, "माझ्या हातनं झालं म्हणून सांगा. बाईमाणूस म्हणून खपून जाईल. तुमचं नाव कशाला?"
मी लगेच नको म्हणालो नाही. त्याचाच संताप येतोय.
आताची बाटली मी केली. तीन चमचे, सुरीनं सपाट. तरी हात परत डब्यात गेला, वर जरासं टाकायला. मागं घेतला.
कालव्याच्या पुलावर जीप. फुटका सायलेन्सर, त्यांचीच. रंजी पोरीला घेऊन दारात उभी, माझ्याकडं बघतेय. ओसरीवर डबा, चमचा, सुरी मांडून ठेवलंय मी.
मांडलंय खरं. माप माझं होतं म्हणायला तोंड उघडतंय का बघू.