पहिल्या दाराचं उत्तर

सोमवार, सकाळ

चि. खारूस,

आजीचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे नाहीत. लिहून देतेय खालची शिंपीणबाई. अक्षर तिचं, आगाऊपणा माझा. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हा खटाटोप.

परवा म्हणालीस, छातीच्या कर्करोगावर नव्याने संशोधन करणाऱ्यांना अनुदान देतात, ती योजना तू तपासतेयस. कुणी काय दिवे लावले ते बघायचं, आणि योजना ठेवायची की बंद करायची हे तुझ्या अहवालावर ठरणार. मोठी परीक्षक झालीस! दहावीपर्यंत वेण्या मी घालत होते.

मग हसून म्हणालीस, "आजी, एका बाईनं तर चार वर्षं तुझ्याच गल्लीत घालवली. हाती शून्य."

ती मला ठाऊक आहे. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. हा आजार रक्ताच्या नात्यातून कसा उतरतो, ते शोधत दारोदार फिरायची. आई, बहीण, मुलगी, कुणाला होता का? गल्लीत पहिलं दार माझं. मी म्हटलं, "आमच्याकडे? छे!" जिन्यात बायका कान देऊन उभ्या. मी नाही म्हटल्यावर हो कोण म्हणणार?

पुढे ती इस्पितळातले जुने कागद घेऊन आली. "आजी, यात वेगळंच आहे हो."

"कागद खोटा आहे," मी म्हटलं. जिला अक्षर वाचता येत नाही, ती!

"मग बाकीच्यांचं तरी कसं खरं मानू?" एवढंच म्हणाली. गल्लीतले सगळे जबाब रद्द केले आणि गेली.

तुझं लग्न ठरत होतं गं तेव्हा.

शिंपीणबाई विचारतेय, "हेही लिहू?" लिही म्हटलं. तिनंही तेव्हा त्या पोरीला "नाही"च सांगितलं होतं.

तुझी आई पोटाच्या दुखण्यानं गेली नाही. गाठ तिनं आधी मलाच दाखवली. मी म्हटलं, बोलू नकोस कुठे, जिरेल. सहा महिने आम्ही दोघी ती जिरायची वाट बघत बसलो.

तेव्हा ते शून्य त्या पोरीच्या नावावर लिहू नकोस, माझ्या नावावर लिही. आणि तिला शोध. पुन्हा दारात आली तर हो म्हणेन, जिन्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

माझ्यावर रागवायला जन्म पडलाय. आधी जाऊन स्वतःला तपासून घे.

तुझ्या आईची आई